खुर्चीपर्यंतची वाक्यं

सोमवारी दुपारी मामाच्या घराची किल्ली मागायला मी स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा आई मामालाच भरवत होती. एक चमचा, मग टॉवेलने हनुवटी, मग पुढचा चमचा.

"किल्ली कशाला?" तिने विचारलं.

"पाठांतराला."

ती हसली. तिचा दोष नाही. आमच्या घरात पाठांतर आणि मी एका वाक्यात येत नाही. शाळेत मला कोऱ्या म्हणायचे. तोंडी परीक्षेला उभा राहिलो की घोकलेलं सगळं जागच्या जागी पुसलं जायचं, आणि परीक्षा घेणारे मुख्याध्यापक माझे वडीलच असायचे. बापासमोर कोरा उभा राहिलेला पोरगा बघून वर्ग खिदळायचा आणि बाप छडी उचलायचा, आपल्याच मुलाला सोडलं असं कुणी म्हणायला नको म्हणून. ही त्यांची सचोटी. कॉलेजात दुसऱ्या वर्षी मी पेपरवर फक्त नाव लिहून बाहेर आलो आणि परत गेलो नाही.

तेव्हापासून मी एका नाटकमंडळीत दिवे लावतो. आमचा दिग्दर्शक, त्याला सगळे कप्तान म्हणतात, त्याचा सकाळी फोन आला होता. मुख्य नटाला कावीळ झाली. शनिवारी प्रयोग. "चार महिने विंगेत उभा आहेस, नाटक पाठ असेलच तुझं," तो म्हणाला. मी हो म्हणालो. खोटं. मला दिवे पाठ होते. "गुरुवारच्या तालमीला हातात पुस्तक दिसलं तर दुसरा माणूस तयार आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

नाटक दोनच माणसांचं. दहा वर्षांनी घरी परतलेला भाऊ आणि त्याची बहीण. भावाची एकशे बारा वाक्यं. ती गुरुवारपर्यंत तोंडात बसली तर मी नट. नाही बसली तर वडिलांच्या शाळेचं ग्रंथालय. तिथली जागा त्यांनी माझ्यासाठी बोलून ठेवलीच होती, आणि महिनाअखेरची मुदतही दिली होती. त्याच जिन्यावरून रोज चढायचं, जिथे पोरं मला बघून कोरा कागद फडकवायची.

फोन आल्यापासून मी सगळे उपाय करून पाहिले होते. वडिलांचा उपाय, प्रत्येक वाक्य दहादा लिहिणं. मग बहिणीची वाक्यं फोनवर रेकॉर्ड केली, मध्ये माझ्यापुरती जागा सोडून, आणि त्या जागेत बोलत राहिलो. मग फक्त तिच्या वाक्यांची शेपटं पाठ केली, म्हणजे शेपूट ऐकलं की आपलं तोंड उघडेल. मग तळहातावर आद्याक्षरं. दुपारपर्यंत अकरा वाक्यं आली आणि बाराव्यासरशी ती अकराही गेली.

उरला मामाचा उपाय.

मामा मोठा नट होता, हे मीही मान्य करतो. माणूस म्हणून त्याचं नाव काढण्यासारखं काही नाही. मामी कंटाळून निघून गेली ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. आजी वारली तेव्हा तो प्रयोग संपवून आला, कानामागे रंग तसाच. लोक त्याला निष्ठा म्हणाले. मी त्याला नालायकपणा म्हणतो. आमच्याकडे यायचा तो दौऱ्याच्या आदल्या दिवशी जेवायला, आणि आई दोन दिवस आधीपासून घर आवरायची.

पण पाठांतर त्याचं असं होतं की प्रॉम्प्टरने विंगेतून एक शब्द सुचवला तरी तो त्या माणसाशी महिनाभर बोलत नसे. मी पंधरा वर्षांचा असताना त्याने एकदाच मला त्याची रीत दाखवली होती.

"वाक्य डोक्यात ठेवायचं नसतं, भाचेबुवा. डोकं म्हणजे चव्हाटा. कुणीही येतं, काहीही उचलून नेतं. वाक्य घरात ठेवायचं."

मग तो त्याच्या घरात दारापासून आत चालत गेला. एक वस्तू, एक वाक्य. वस्तूला हात लावायचा आणि वाक्य सपाट आवाजात म्हणायचं, अभिनय न करता. कडीवर पहिलं, चपलांच्या फळीवर दुसरं, छत्रीच्या खिळ्यावर तिसरं. रंगमंचावर उभं राहिलं की डोळ्यांपुढे घर आणायचं आणि दारातून आत शिरायचं. वाक्य जिथे ठेवलं असेल तिथेच सापडतं.

"आणि प्रयोग संपले की घर झाडायचं," तो म्हणाला होता. "शेवटच्या वस्तूपासून दारापर्यंत उलटं यायचं. वाक्य म्हणायचं, हात झटकायचा. नवं नाटक मोकळ्या घरात लावायचं असतं."

"नाही झाडलं तर?"

मला वाटलं तो काहीतरी विनोद करेल. त्याने केला नाही. "मी तसं कधी ठेवलेलं नाही," एवढंच म्हणाला.

त्याचं शेवटचं घर मात्र झाडायचं राहिलं होतं. अकरा महिन्यांपूर्वी, एका म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या भूमिकेत, भर प्रयोगात त्याला झटका आला. खुर्चीत बसलेला होता. "मी गेलो नव्हतो," एवढं म्हणाला आणि थांबला. पुढे "मला कुणी परत बोलावलं नाही" असं होतं. मला माहीत आहे, कारण त्या दिवशी प्रॉम्प्टरच्या जागी विंगेत पुस्तक घेऊन मीच उभा होतो. विंगेतून शब्द दिलेला त्याला खपत नसे, म्हणून मी गप्प राहिलो. प्रेक्षकांना वाटलं काय जबरदस्त विराम घेतलाय. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. बोलत नाही. उजवी बाजू गेलेली. त्याचं घर बंद.

आईने पदराला हात पुसले आणि खिळ्यावरची किल्ली काढून दिली. "खिडक्या उघड जरा," ती म्हणाली. "कोंदलं असेल."

खरंच कोंदलं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला मागचं दार. दार उघडताच जुन्या पावडरीचा, दाढीमिशा चिकटवायच्या गोंदाचा आणि बंद कपाटाचा वास आला. बाहेर लख्ख ऊन आणि आत पडद्यांमुळे तपकिरी उजेड. वाक्यं ठेवायला जागा मुबलक. मामाचे स्वतःचेच सतरा फोटो भिंतीवर होते, त्यावर सतरा वाक्यं लागली. ढालींच्या कपाटावर चोवीस.

झाडायचं मी मुद्दाम सोडलं. त्याचं सबंध नाटक उलटं म्हणायचं तर ते मला येत होतं कुठे? शिवाय माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि वेळही नव्हता.

कडीला हात लावला. "दार उघडंच होतं, म्हणून आत आलो." चपलांची फळी. "चपला इथेच काढू का?" छत्रीचा खिळा. "तू अजून तशीच दिसतेस."

तासाभरात मी बाहेरच्या खोलीच्या टोकाला पोचलो. पहिला अंक सत्तावन्नाव्या वाक्याला संपतो आणि सत्तावन्नावी वस्तू होती मामाची खुर्ची. मोठी, हातांची. घर बंद करताना आईने तिच्यावर चादर टाकली होती. मी चादरीवरून हात ठेवला. कोमट लागली. पडद्याच्या फटीतून तिच्यावर उन्हाचा पट्टा येत होता, म्हणून असेल. वाक्य होतं, "थोडा वेळ बसू दे मला."

माझ्या तोंडून निघालं, "मी गेलो नव्हतो."

मी हात काढून घेतला. मग स्वतःलाच एक शिवी दिली, पुन्हा हात ठेवला आणि बरोबर वाक्य म्हटलं. चूक कशी झाली ते उघड होतं. खुर्ची बघितली, ती रात्र आठवली, वाक्य आलं. कुणालाही येईल. बाहेर रस्त्यावर एक माणूस दुसऱ्याला शिडी नीट धरायला सांगत होता. मी खिडकीशी जाऊन ते बराच वेळ ऐकत राहिलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा एकही वाक्य हललेलं नव्हतं. डोळे मिटायचे, कडी काढायची, आत शिरायचं. वस्तू दिसायची आणि वाक्य तोंडात यायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी पाठ होतं. मामाच्या पलंगाशेजारी बसून मी हळू आवाजात म्हटलं, "दार उघडंच होतं, म्हणून आत आलो."

मामाने मान वळवली. अकरा महिने छताकडे बघणारा माणूस. त्याचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"दार," तो म्हणाला.

आईच्या हातून पाण्याचं भांडं पडलं. ती रडली, वडिलांना हाक मारली, त्या एका शब्दावर दोघांनी अर्धा तास काढला. वडिलांनी घराचं दारसुद्धा उघडून पाहिलं, न जाणो, बाहेर कुणी असेल. मी आतल्या आत खूश झालो. म्हाताऱ्याला नाटकाच्या वासानेच जाग आली, एवढंच मला वाटलं.

मंगळवारी मी आतली खोली आणि स्वयंपाकघर भरलं. एकशे बारावं वाक्य, "येतो मी, दार लावून घे", मागच्या दाराच्या बोल्टवर ठेवलं. घरी आलो तर आई सांगायला धावली. दुपारी मामा आख्खं वाक्य बोलला होता. "दार उघडंच होतं, म्हणून आत आलो." मग थोड्या वेळाने, "चपला इथेच काढू का?"

"तुझंच ऐकून शिकतोय रे," आई म्हणाली. "तू त्याच्याजवळ बसून म्हणत जा."

मी म्हटलं नाही. उलट घरात नाटकातलं अवाक्षरही काढायचं बंद केलं. तिसरं वाक्य मी मामाच्या कानावर पडेल असं कधीच उच्चारलं नव्हतं. तरी बुधवारी सकाळी आई त्याचे केस विंचरत असताना मामा तिच्याकडे बघून स्पष्ट, सावकाश म्हणाला, "तू अजून तशीच दिसतेस."

आई कंगवा हातात धरून खाली बसली. चाळीस वर्षांत त्याने तिला इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं. मी दारात उभा होतो. हे वाक्य तुला उद्देशून नाही, नाटकातलं आहे, हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग मी माझ्यापुरतं तपासायला डोळे मिटले. कडी. काही नाही. फळी. काही नाही. छत्रीचा खिळा दिसला, अगदी त्याच्यावरचा गंजही दिसला, पण नुसता खिळा. पुस्तक काढून तिसरं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं, आणि ते गेलं. पुन्हा वाचलं. पुन्हा गेलं. चौथ्यापासून पुढे सगळं जागेवर होतं.

पुढे चालत गेलो. डोक्यातल्या घरात, म्हणजे. फोटो, कपाट, ढाली. आणि खुर्चीशी आलो तर तिच्यावर चादर नव्हती. कुणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. मानेवरचे केस ओले, चिकटलेले, टोप काढल्यावर नटाचे असतात तसे. मी थांबलो. सत्तावन्नावं वाक्य मला आठवायच्या आधी त्याने म्हटलं, हळू, मला ऐकू जाईल एवढंच…

मी डोळे उघडले. समोर वडील उभे होते.

"काय रे, ग्रंथालयाचं काय ठरवलंस?" त्यांनी विचारलं.

"बसा," मी म्हणालो. "घाई कुणाला आहे?"

हे माझ्या नाटकातलं नव्हतं. न्यायाधीशाचं होतं. वडील खरंच बसले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते उठले. "कुणाचा आवाज काढतोस?" ते म्हणाले, पण नेहमीसारखे ओरडले नाहीत. दिवसभर माझ्याकडे चोरून बघत राहिले.

गुरुवारची तालीम. बहिणीचं काम करणारी बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आम्ही तिला ताईच म्हणतो. ती टेबलाशी बसली होती. मी प्रवेशाच्या जागी उभा राहिलो. हातात पुस्तक नव्हतं आणि डोक्यात पहिली तीन वाक्यं नव्हती. शाळेत व्हायचं तसं झालं, आधी कानात शीळ आणि मग सगळं पांढरं. कोऱ्या, मी मनात म्हटलं, संपलं तुझं.

आणि तोंड बोललं. माझंच तोंड. आवाज भरदार, शब्दांवर हात फिरवत बोलणारा. मी तो शेवटच्या रांगेत बसून ऐकावा तसा ऐकला. चौथ्या वाक्याला मी माझ्या अंगात परत आलो.

"कुठे लपवला होतास हा माल?" कप्तान म्हणाला. "सुरुवात तर थेट तुझ्या मामासारखी."

लोकांनी पाठ थोपटली. मी आतून गार झालो होतो. घरी आलो तर मामा नवव्या वाक्यावर होता. आई त्याच्यासमोर स्टुलावर बसून प्रत्येक वाक्याला उत्तर देत होती. तो म्हणायचा, "इतक्या वर्षांत कुणी माझी चौकशी केली?" आणि ती म्हणायची, "केली रे, रोज करत होते." मी न्हाणीघरात जाऊन तपासलं. पहिल्यापासून नवव्यापर्यंत घर रिकामं होतं.

मला हिशेब कळला. तो दारातून आत येत होता. एकेक वस्तू करत, रोज आणखी वेगाने. तो पुढे सरकेल तितका मी मागे. शनिवारपर्यंत तो खुर्चीशी पोचेल, आणि त्यानंतर पलीकडची खोलीसुद्धा आहेच.

उपाय एकच होता. झाडणं. पण झाडलं तर प्रयोगाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे एकही वाक्य उरणार नव्हतं. आणि आईचा भाऊ पुन्हा छताकडे बघत पडणार होता. दोन्ही मला पक्कं माहीत होतं. तरी मी शुक्रवारी दुपारी निघालो. त्या ग्रंथालयात पुस्तकांवर आकडे टाकत चाळीस वर्षं काढली असती, तरी ती माझी चाळीस वर्षं असती.

झाडणं मागून सुरू करायचं म्हणून मी घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेलो; त्याचा बोल्ट मंगळवारी माझ्याकडून उघडाच राहिला होता. पुढचं दार बाहेरून कुलूपबंद होतं, जाताना मी ते ओढून पाहिलं होतं. स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता. मी बोल्टला हात लावला. "येतो मी, दार लावून घे." हात झटकला. आणि वाक्य खरंच गेलं. दात पाडल्यावर जीभ जशी रिकाम्या जागेत जाते, तसं काहीतरी वाटलं. बरं वाटलं.

नळ. फळी. शेगडी. खिडकीचा गज. एकेक म्हणत, झटकत मी आतल्या खोलीत आलो. पलंग, उशी, कपाटाची मूठ, रंगाची पेटी. नव्वदच्या खाली आलो, ऐंशीच्या खाली. हात हलका होत होता.

पंचाहत्तराव्याला बाहेरच्या खोलीत कडी वाजली.

मी थांबलो. नळसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"दार उघडंच होतं, म्हणून आत आलो."

सपाट. अभिनय न करता. पाठांतराला बसलेल्या माणसाचा आवाज. आणि तो मामाचा नव्हता. तो माझा होता. सोमवारी मी ज्या आवाजात ती वाक्यं ठेवली होती, नेमका तो.

"चपला इथेच काढू का?"

चपलांच्या फळीवर कुणीतरी हात ठेवल्याचं ऐकू आलं. ती डुगडुगते, मला माहीत आहे.

मी पळायला हवं होतं. पण अर्धं घर झाडून झालं होतं आणि मी हट्टी आहे. मी पंचाहत्तरावं म्हटलं. पलीकडून तिसरं आलं. मी चौऱ्याहत्तरावं म्हटलं. मी वेग वाढवला, तसा त्यानेही वाढवला. त्याचं फोटोंवरून फोटोंवर येणं मला ऐकू येत होतं, काचेवर बोट टेकल्याचा बारीक आवाज, सतरा वेळा. मग ढाली. मी एक वस्तू सरकायचो, तेवढ्यात तो तीनचार यायचा. दोन खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर मी पोचलो, तेव्हा माझं अठ्ठावन्नावं झालं होतं. तिथे पडदा होता. तो मी हाताने बाजूला केला.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. पुढचं दार बंद. तपकिरी उजेड. हवेत गोंदाचा ताजा वास. छप्पन्नावं वाक्य कपाटाच्या कडेशी, रिकाम्या हवेत, माझ्या आवाजात म्हटलं गेलं. "पाय दुखतायत."

मग खुर्चीवरची चादर दबली. आधी दोन्ही हातांवर, मग मध्ये. सावकाश, थकलेलं माणूस हातांवर भार देऊन बसतं तशी.

सत्तावन्नावं वाक्य मी उचलायचं होतं की त्याने ठेवायचं होतं, हे मला कळेना.  उन्हाचा पट्टा चादरीवर होता आणि कापड किंचित वरखाली होत होतं.

"मी गेलो नव्हतो," खुर्चीतून आलं. आता आवाज माझा नव्हता. मामाचा होता, झटक्याच्या आधीचा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, फक्त अगदी हळू.

आणि तो थांबला.

त्या रात्री थांबला होता तसाच. पुढचे पाच शब्द मला येत होते. खुर्चीत जे होतं ते एवढ्यासाठीच अकरा महिने इथे बसलं होतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. कुणीतरी शब्द द्यायचा होता. दिला असता तर कदाचित ते उठलं असतं, दार ओढून घेऊन गेलं असतं. मी तोंडसुद्धा उघडलं.

मग मला आजी गेली तो दिवस आठवला. कानामागचा रंग. मामीच्या रिकाम्या कपाटासमोर आरशात मिशी लावून बघणारा हा माणूस. आई दोन दिवस घर आवरायची आणि हा ताटावरून उठताना तिच्याकडे न बघता निघून जायचा. याने कुणाला कधी एक शब्द दिला? मी का द्यावा?

मी नाही दिला. दुसऱ्यांदा.

चादरीचं वरखाली होणं थांबलं. मी उलट पावली स्वयंपाकघरात आलो आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. शेजारच्या अंगणात कुणीतरी कपडे झटकून वाळत घालत होतं.

दुसरा अंक माझ्याकडे उरला नव्हता. तो मी वडिलांच्या पद्धतीने पाठ केला. मीच पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, घ्या तोंडी. ते पहाटेपर्यंत समोर बसले. मी लिहायचो, म्हणायचो, चुकायचो, ते "पुन्हा" म्हणायचे. छडी नव्हती. एकदा मी अडकलो तेव्हा त्यांनी बहिणीचं वाक्य स्वतःच वाचलं, बायकी आवाज काढून, आणि आम्ही दोघंही हसलो. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. पहिल्या अंकाचं पान आलं की मात्र मी ते उलटून टाकायचो. त्यांनी का ते विचारलं नाही.

शनिवारचा प्रयोग झाला. त्यानंतर आणखी दहा झाले. मी प्रवेश करतो, आणि पुढचं मला आठवतं ते मध्यंतराचा पडदा पडतानाचं. मधल्या पाऊण तासाचं काही नाही. वर्तमानपत्रात आलं की पहिल्या अंकात हा तरुण मुरलेला नट वाटतो, दुसऱ्या अंकात शाळकरी. तो शाळकरीपणा माझा आहे. तेवढाच माझा आहे.

झाडल्याने मामा गप्प झाला नाही. दिवसभर छताकडे बघतो, पण प्रयोगाच्या संध्याकाळी उशीला टेकून ताठ बसतो आणि पहिला अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो. "थोडा वेळ बसू दे मला" म्हणून थांबतो, आणि झोपतो. आई समोर स्टुलावर बसून त्याच्याशी बोलते. तिला मी काही सांगितलेलं नाही. प्रयोग नसतो त्या दिवशीही ती हल्ली फारशी बोलत नाही. आपण काही विचारलं तर मान हलवते. संध्याकाळसाठी साठवून ठेवते, असं वडील थट्टेने म्हणतात.

परवा मध्यंतरात रंगपटात बसलो होतो. ताई शेजारच्या आरशात कपाळावरचा घाम टिपत होती. एवढ्या प्रयोगांत तिने मला एकदाही टोकलं नव्हतं, म्हणून मीच विचारलं, पहिल्या अंकात मी काही चुकतो का.

"चुकत नाहीस," ती म्हणाली. "लांबवतोस थोडं. तुझं वाक्य झालं की मला घ्यायचं असतं, तेवढ्यात त्या बोलतात ना."

"कोण?"

"मला वाटलं कप्तानने विंगेत कुणाला तरी बसवलंय. आवाज तसा घरगुती आहे. नट नाहीत त्या." ती आरशातून माझ्याकडे बघत होती. "जेवलास का… रोज करत होते रे… असलंच काहीबाही. नाटकात नाही ते. पहिले दोनतीन प्रयोग मी मधेच माझं वाक्य घ्यायचे. मग त्या गप्प व्हायच्या."

बाहेर घंटा झाली. तिने टॉवेल खाली ठेवला आणि पदर नीट केला.

"आता मी थांबते," ती म्हणाली. "वयाने मोठ्या वाटतात. त्यांचं झाल्याशिवाय मधे बोलणं बरं दिसत नाही."